नव्या लेखन-ट्यूटरसाठी: आधी वाचक व्हा

कॉलेजच्या लेखन केंद्रात, म्हणजे विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतात आणि ट्यूटर त्यांच्याशी त्यावर बोलतो अशा जागी, ट्यूटर म्हणून निवड झाली, की बहुतेकांना पहिली धास्ती वाटते ती व्याकरणाची. एखादा नियम ऐनवेळी आठवला नाही तर? समोरचा विद्यार्थी अशा विषयावर निबंध घेऊन आला की ज्यातलं आपल्याला काहीच कळत नाही, तर? धास्ती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. नियम सांगणारे विद्यार्थ्याला पुष्कळ भेटतात. पुस्तकं आहेत, सॉफ्टवेअर आहे, शिक्षकांचे शेरे आहेत. त्याला सहसा भेटत नाही ते असं माणूस, जे त्याचं लिखाण मन लावून वाचेल आणि वाचताना काय कळलं, कुठे अडखळायला झालं, कुठे आणखी ऐकावंसं वाटलं, हे त्याच्या शेजारी बसून खरंखरं सांगेल. ट्यूटरचं मुख्य काम हेच. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या हे काम नीट जमावं म्हणून आहेत.

लेख ट्यूटरसाठी आहे, तरी शेवटचा भाग विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे. ट्यूटरने तोही वाचावा, कारण समोरच्याने कशी तयारी करून यावं हे माहीत असलं की तशी विनंती आधीच करता येते.

भेटीच्या आधी

तयारी फार लागत नाही. विद्यार्थ्याने वेळ ठरवताना काही लिहून पाठवलं असेल तर ते वाचा. निबंध आधीच आला असेल तर तो एकदा चाळा, पण त्यावर खुणा करू नका. खुणांनी भरलेला कागद घेऊन तुम्ही बसलात, की भेट सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो आणि विद्यार्थी फक्त यादी उतरवून घेतो.

बसायची जागा मात्र विचार करून ठरवा. टेबलाच्या पलीकडे समोरासमोर बसलं की मुलाखत चालल्यासारखं वाटतं. शेजारी बसा, कागद किंवा लॅपटॉप विद्यार्थ्याच्या पुढ्यात ठेवा आणि पेन त्याच्याच हातात राहू द्या. अमेरिकेतल्या लेखन केंद्रांमध्ये हा सल्ला रूढ झाला तो जेफ ब्रुक्स यांच्या १९९१ च्या एका छोट्या लेखामुळे. ट्यूटरच्या हातात पेन आलं की निबंध हळूहळू ट्यूटरचा होत जातो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. लॅपटॉपच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण कीबोर्डवर बोटं कधी गेली हे आपल्यालाच कळत नाही.

पहिली पाच मिनिटं

नाव विचारा, कोणत्या विषयाचा निबंध आहे ते विचारा, मग तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली, शिक्षकांनी नेमकं काय मागितलं आहे? 'विद्यार्थ्याने सांगितलं ते' यावर भागवू नका; असाइनमेंटची मूळ सूचना दोघांनी मिळून वाचा. सूचनेतल्या क्रियापदाखाली विद्यार्थ्याला रेघ ओढायला लावा. 'वर्णन करा', 'तुलना करा', 'चिकित्सा करा', 'भूमिका मांडा' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चांगलं लिहिलेल्या पण कमी गुण मिळालेल्या निबंधांमागे अनेकदा एवढंच कारण असतं: तुलना मागितली होती आणि दोन वेगवेगळी वर्णनं एकापुढे एक ठेवली गेली. गुणांची विभागणी दिलेली असेल तर तीही बघा. निम्मे गुण विश्लेषणाला असतील आणि निबंधाची तीन पानं पार्श्वभूमीत गेली असतील, तर भेटीचा विषय तिथेच सापडला.

दुसरी, निबंध द्यायचा कधी? उद्या सकाळी द्यायचा असेल तर अख्खी मांडणी मोडायला सांगण्यात अर्थ नाही. दहा दिवस हातात असतील तर स्वल्पविरामांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तिसरी, विद्यार्थ्याला स्वतःला काय खटकतंय? बरेच जण म्हणतात, 'जरा ग्रामर बघ ना.' याचा अर्थ दर वेळी व्याकरणच असतो असं नाही. काहीतरी बिनसलंय हे त्यांना जाणवलेलं असतं, पण त्याला द्यायला दुसरं नाव त्यांच्याजवळ नसतं. म्हणून पुढचा प्रश्न विचारा: 'कुठल्या भागापाशी लिहिताना सगळ्यात जास्त अडलीस?' बोट ज्या परिच्छेदावर पडेल तिथून सुरुवात करा.

मोठ्याने वाचन

निबंध मोठ्याने वाचला जावा. कोणी वाचायचा हे विद्यार्थ्याला ठरवू द्या. स्वतः वाचताना त्याला आपली गळालेली अक्षरं, लांबलेली वाक्यं आपोआप सापडतात. जीभ जिथे अडते तिथे वाक्य बहुधा अडलेलं असतं. पण काहींना स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचायचा फार संकोच वाटतो, आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष उच्चारांतच जातं. अशा वेळी तुम्ही वाचा. तुम्ही वाचताना लेखकाला एक वेगळी गोष्ट ऐकू येते: अनोळखी माणूस आपल्या वाक्यावर कुठे थांबतो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचतो. वाक्य मनातल्या मनात सुधारून वाचू नका. कागदावर आहे तसंच वाचा.

दीड हजार शब्द मोठ्याने वाचायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. भेट अर्ध्या तासाची असेल तर सगळं वाचणं परवडणार नाही. मग प्रस्तावना, विद्यार्थ्याने बोट ठेवलेला परिच्छेद आणि शेवट एवढंच वाचा, आणि मधल्या भागात काय आहे ते त्याला तोंडी सांगायला सांगा. हे तोंडी सांगणं वाया जात नाही. अनेकदा कागदावर गोलगोल फिरणारा मुद्दा तोंडाने बोलताना एका वाक्यात निघतो. तो निघाला की लगेच म्हणा, 'थांब, आत्ता बोललास ते लिहून घे.' या कामातला मला सर्वात आवडणारा क्षण हाच आहे.

वाचताना तुमच्या मनात जे घडतं ते सांगा. 'इथे मला वाटलं होतं की तू आता उदाहरण देशील, पण तू पुढच्या मुद्द्याकडे गेलीस.' 'हा शब्द पहिल्या पानावर एका अर्थाने आलाय आणि इथे दुसऱ्या, माझा गोंधळ उडाला.' 'छान आहे' आणि 'जरा विस्कळीत आहे' ही दोन वाक्यं टाळा. त्यांनी विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. कौतुकसुद्धा जागा दाखवून करावं: कोणतं वाक्य, आणि त्याने वाचकाच्या मनात काय केलं.

आधी मोठं, मग बारीक

हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी २० नवखे विद्यार्थी आणि २० मुरलेले लेखक यांची पुनर्लेखनाची पद्धत ताडून पाहिली. विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं समजत होते: एक शब्द काढायचा, त्याहून बरा घालायचा. मुरलेले लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते आणि वाचक समोर ठेवून परिच्छेदच्या परिच्छेद हलवत होते. नव्या ट्यूटरनेही विद्यार्थ्यासारखंच शब्दांपासून सुरू केलं, तर ही सवय आणखी पक्की होते. शिवाय ज्या परिच्छेदातली वाक्यं अर्धा तास घासूनपुसून लख्ख केली, तोच परिच्छेद पुढे काढून टाकावा लागला तर सगळीच मेहनत फुकट.

म्हणून क्रम असा ठेवा: सूचनेला उत्तर दिलंय का, मुख्य म्हणणं काय आहे, ते कोणत्या क्रमाने उलगडतंय, आधार पुरेसा आहे का. हे झालं की वाक्यं, आणि सगळ्यात शेवटी विरामचिन्हं नि शुद्धलेखन.

एक उदाहरण घेऊ. असाइनमेंटची सूचना आहे, 'सोशल मीडियाच्या एका परिणामाबद्दल भूमिका मांडा.' विद्यार्थिनीने अशी सुरुवात केली आहे:

'आजच्या आधुनिक युगात सोशल मीडियाचा वापर मोठ्या प्रमाणात वाढला आहे. त्याचे अनेक फायदे आहेत तसेच अनेक तोटेही आहेत. या निबंधात आपण दोन्ही बाजूंचा विचार करणार आहोत.'

व्याकरणात चूक नाही. 'आजच्या आधुनिक' ही द्विरुक्ती दिसते, आणि नव्या ट्यूटरची बोटं तिथेच जातात. ती सोडा, पुढे वाचा. तिसऱ्या परिच्छेदात मध्येच हे वाक्य येतं:

'ग्रुपवर रात्री मेसेज येतात आणि लगेच उत्तर दिले नाही तर सकाळी सगळे आपल्याला सोडून पुढे गेल्यासारखे वाटते.'

हे वाक्य जिवंत आहे. आता संवाद कसा होऊ शकतो ते बघा.

'या वाक्यापाशी मी थांबले. सकाळी असं वाटतं, ते का?'

'कारण रात्रीच सगळं ठरलेलं असतं. मग मी विचारलं की म्हणतात, वाचलं नाहीस का?'

'म्हणजे त्रास मेसेजचा आहे का?'

'नाही... मेसेजचा नाही. लगेच उत्तर दिलंच पाहिजे असं सगळे धरून चालतात, त्याचा आहे.'

'हे तुझ्या निबंधात कुठे आहे?'

'असं कुठेच नाही लिहिलेलं.'

आता तिच्याकडे भूमिका आहे: ताबडतोब उत्तराची अपेक्षा मैत्रीवर ताण आणते. फायदे-तोट्यांची यादी गळून पडते, कारण सूचनेने एकच परिणाम मागितला होता. पाच परिच्छेदांपैकी दोन बहुधा जातील. 'आजच्या आधुनिक युगात' हे वाक्यही प्रस्तावनेबरोबर आपसूक जाईल. त्यावर एक शब्दही खर्च करावा लागला नाही. आणि बघा, ट्यूटरने एकही वाक्य सुचवलं नाही. तिने फक्त आपण कुठे थांबलो ते सांगितलं आणि विचारलं.

मुख्य म्हणणं सापडलं की ते तपासायची एक साधी कसोटी आहे: याच्याशी असहमत होणारं शहाणं माणूस असू शकतं का? 'सोशल मीडियाचे फायदे आणि तोटे आहेत' याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून ते म्हणणं नव्हे. 'लगेच उत्तराची अपेक्षा मैत्री कमकुवत करते' यावर वाद घालता येतो, म्हणून त्यावर निबंध उभा राहतो.

क्रम तपासायला उलटी रूपरेषा फार उपयोगी पडते. निबंध लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला विद्यार्थ्याने एकेक ओळ लिहायची: हा परिच्छेद काय म्हणतो? मग फक्त त्या ओळी वरून खाली वाचायच्या. दोन ओळी सारख्याच निघाल्या तर परिच्छेद एकत्र करायचे. एका परिच्छेदासाठी एक ओळ पुरेनाच, तर तो फोडायचा. आणि एखाद्याची ओळ लिहिताच आली नाही, तर तो परिच्छेद तिथे का आहे हे विचारायचं. लांब निबंधांवर आणि प्रबंधांवर याइतकं लवकर फळ देणारं दुसरं काही मला माहीत नाही. विषय तुम्हाला अनोळखी असला तरी हे करता येतं, कारण ओळी विद्यार्थी लिहितो.

प्रश्न विचारा, मग थांबा

ज्यांचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकंच येईल असे प्रश्न कमी विचारा. 'हा परिच्छेद इथे हवा आहे का?' याऐवजी 'हा परिच्छेद इथे काय काम करतोय?' असं विचारा. 'तुला असं म्हणायचंय का की…' अशी सुरुवात जपून करा. दमलेला विद्यार्थी त्याला 'हो, तसंच' म्हणतो आणि तुमचं म्हणणं त्याच्या निबंधात जाऊन बसतं.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं हे शिकावं लागतं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की विद्यार्थ्यांची उत्तरं लांब होत, जास्त विचार करून दिलेली असत. लिखाणाबद्दलचा प्रश्न तर याहून अवघड असतो. पाच-सात सेकंदांची शांतता तुम्हाला अवघडून टाकेल. विद्यार्थ्यासाठी तो विचार करायचा वेळ आहे. नजर कागदावर ठेवा आणि वाट बघा. कधी कधी 'तू दोन मिनिटं लिही, मी पाणी पिऊन येते' म्हणून खरोखरच उठून जावं. कोणी बघत नसलं की पुष्कळांचं पेन चालू लागतं.

किती सांगायचं

स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली लिहिलेल्या एका लेखाने लेखन केंद्रांची दिशाच ठरवली. केंद्र म्हणजे मोडके निबंध दुरुस्त करून द्यायची जागा, ही समजूत त्यांना फार लागली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इथून बाहेर पडताना बदलायला हवा तो लिहिणारा, नुसता त्याच्या हातातला कागद नव्हे. नवीन ट्यूटरला हे तत्त्व पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, आणि तो ते इतक्या कडकपणे पाळायला लागतो की विद्यार्थ्याने काहीही विचारलं तरी 'तुला काय वाटतं?' एवढंच म्हणतो. असं करू नका. लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ मध्ये या अतिरेकावर टीका केली आणि दाखवून दिलं, की संगीतासारख्या कलांमध्ये गुरू स्वतः करून दाखवतो, शिष्य ते अनुकरणातून उचलतो, आणि त्यात शिष्याचं काही हिरावलं जात नाही.

माझं मत असं: जे विद्यार्थ्याला विचार करून सापडू शकतं ते विचारा, आणि जे विचार करून सापडणार नाही ते सरळ सांगा. त्याची भूमिका काय आहे हे त्यालाच सापडलं पाहिजे. पण प्रयोगशाळेच्या अहवालात प्रयोगातून मिळालेले निकाल आणि त्यांवरची चर्चा वेगळ्या विभागांत लिहितात, हे प्रश्न विचारून कोणालाही सापडणार नाही. तो त्या शाखेचा संकेत आहे. तो सांगावा, नमुना दाखवावा आणि पुढे जावं. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला आलेलं असेल, तर असे किती तरी संकेत त्याला कोणीच सांगितलेले नसतात. त्याच्यापाशी ते रोखून धरणं हा अन्याय आहे.

भाषेच्या चुका

मिना शॉनेसी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवत होत्या. १९७० साली तिथल्या विद्यापीठाने प्रवेशाची दारं मोकळी केली आणि लेखनाचा फारसा सराव नसलेले हजारो विद्यार्थी आले. शॉनेसींनी त्यांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ साली निष्कर्ष मांडला, की या चुका बेशिस्त नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे. विद्यार्थी एक नियम पाळतच असतो; फक्त तो नियम त्या भाषेचा नसतो, किंवा अर्धवट शिकलेला असतो.

म्हणून चुका मोजू नका, त्यांचा नमुना शोधा. निबंधात तीस चुका असतील, पण प्रकार बहुधा तीन-चारच असतात. जो प्रकार सर्वात जास्त वेळा येतो, किंवा ज्याने अर्थच बिघडतो, तो निवडा. एका वाक्यात तो समजावून सांगा, दुसऱ्या वाक्यात विद्यार्थ्याला तो शोधायला लावा, तिसऱ्यात दुरुस्त करायला लावा. बाकीचे प्रकार पुढच्या भेटीला. 'हे वाक्य तू असं का लिहिलंस?' असा प्रश्न आरोपाच्या सुरात नाही तर खऱ्या कुतूहलाने विचारला, तर विद्यार्थी आपला नियम सांगतो आणि नेमकं काय शिकवायचं ते कळतं.

परक्या भाषेत लिहिणाऱ्याशी वागताना एक भान ठेवा. भाषा अडखळते म्हणून विचार अडखळतो असं नाही. त्याला स्वतःच्या भाषेत मुद्दा बोलू द्या, कच्चा आराखडा त्याच भाषेत लिहू द्या. निबंधाच्या भाषेत नंतर आणता येतं. आणि 'कानाला बरं वाटत नाही' हे कारण त्याला देऊ नका. ज्याचा कान त्या भाषेत घडलेला नाही त्याला त्याचा काही उपयोग नसतो. नियम माहीत नसेल तर 'मला नियम सांगता येत नाही, पण इथे असं लिहितात. चल, शोधून बघू' असं म्हणावं. शोधायचं कसं हेही त्या निमित्ताने शिकवून होतं.

दुसऱ्याचे शब्द

उसन्या मजकुराचा प्रश्न आला की ट्यूटर बावचळतात. बहुतेक वेळा विद्यार्थ्याने चोरी केलेली नसते; त्याला स्वतःच्या शब्दांत मांडणं म्हणजे काय हेच कोणी करून दाखवलेलं नसतं. तो मूळ वाक्य समोर ठेवतो आणि एकेक शब्द बदलत जातो. 'झोपेच्या अभावाने स्मरणशक्तीवर विपरीत परिणाम होतो' याचं 'निद्रेच्या कमतरतेने स्मृतीवर वाईट परिणाम होतो' करतो. शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. संदर्भ दिला तरी हे आपलं वाक्य झालं नाही.

उपाय तुमच्या टेबलावरच करता येतो. मूळ परिच्छेद वाचायला सांगा, पुस्तक मिटायला सांगा, आणि विचारा, 'यात काय म्हटलंय ते मला सांग.' तो सांगेल. ते लिहायला सांगा. मग पुस्तक उघडून अर्थ बरोबर आहे का ते तपासायचं आणि संदर्भ द्यायचा. संदर्भाची पद्धत, म्हणजे एपीए, एमएलए किंवा दुसरी कोणती, शिक्षकांच्या सूचनेत बघा आणि तिचा तपशील पुस्तिकेतून काढा. पाठ करायची गरज नाही.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून यंत्राने लिहिलेला मजकूरही या टेबलावर येऊ लागला. तुम्ही तपास अधिकारी नाही. मजकूर यंत्राचा आहे की नाही हे सांगणारी साधनंही भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. शंका आली तर वाचक म्हणून विचारा: 'हे वाक्य मला उलगडून सांगशील?' सांगता आलं नाही, तर ते त्याच्या निबंधात का आहे यावर बोला. त्या विषयाच्या शिक्षकांनी यंत्र वापरायची परवानगी किती दिली आहे ते दोघांनी मिळून वाचा. निबंध मात्र तुम्ही पकडून देऊ नका; केंद्राचा याबाबत काही नियम असेल तर तो आधीच प्रमुखांकडून समजून घ्या आणि विद्यार्थ्यालाही सांगा.

काही अवघड प्रसंग

विद्यार्थी रिकाम्या हाताने आला तर उत्तम. त्याला बोलतं करा आणि तो बोलेल त्यातले शब्द कागदावर टिपा. लिहून द्यायची मुभा फक्त इथे, आणि तीही त्याचेच शब्द उतरवण्यापुरती. मग तो कागद त्याच्याकडे द्या.

'किती गुण पडतील?' याचं उत्तर कधीही देऊ नका, अंदाजानेसुद्धा. शिक्षकांच्या शेऱ्यावर टीकाही करू नका. शेरा कळला नसेल तर शिक्षकांना काय विचारायचं ते प्रश्न लिहून काढायला मदत करा.

मुद्दा तुम्हाला पटला नाही तर गप्प बसू नका, वादही घालू नका. 'तुझ्याशी सहमत नसलेला वाचक इथे असं म्हणेल, त्याला तू काय उत्तर देशील?' असं विचारा. निबंध त्याने भक्कमच होतो.

कधी निबंधात दुःख येतं: मृत्यू, छळ, आजारपण. आधी माणूस म्हणून बोला, मग निबंधाबद्दल आज बोलायचं आहे का ते विचारा. जिवाला धोका असल्याची शंका आली तर ते तुमच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नका. केंद्रप्रमुखांना आणि कॉलेजच्या समुपदेशकांना त्याच दिवशी कळवा. असं कळवावं लागेल हे विद्यार्थ्यालाही मोकळेपणाने सांगा.

शेवटची पाच मिनिटं

घड्याळ बघून पाच मिनिटं राखून ठेवा. यात नवीन मुद्दा काढायचा नाही. विद्यार्थ्याला विचारा, 'आता घरी गेल्यावर सगळ्यात आधी काय करशील?' उत्तर तो लिहून घेईल. 'सुधारणा करीन' हे उत्तर चालणार नाही. 'दुसरा आणि चौथा परिच्छेद एकत्र करीन, मग प्रस्तावना नव्याने लिहीन' हे चालेल. दोन-तीन कामं पुरेत. दहा कामांची यादी दिली तर एकही होत नाही.

तो गेल्यावर तुमच्या नोंदवहीत चार ओळी लिहा: काय घेऊन आला, कशावर काम झालं, काय राहिलं. पुढच्या वेळी दुसरा ट्यूटर असला तर त्याला त्याचा फार उपयोग होतो. विद्यार्थी ही नोंद वाचू शकतो असं समजूनच लिहा.

विद्यार्थ्यांसाठी

लेखन केंद्र कच्च्या विद्यार्थ्यांसाठी असतं, हा समज सोडून द्या. प्रत्येक लिहिणाऱ्याला वाचक लागतो, आणि निबंध देण्याआधी तो मिळणं ही मोठी सोय आहे.

लवकर या. पहिला अर्धाकच्चा मसुदा हातात असतानाची भेट शेवटच्या रात्रीच्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त देते, कारण अजून सगळं हलवता येतं. मसुदा नसेल तर नुसत्या सूचनेचा कागद आणि डोक्यातला गोंधळ घेऊन या.

येताना असाइनमेंटची मूळ सूचना, आधीच्या निबंधावर शिक्षकांनी दिलेले शेरे आणि वापरलेली पुस्तकं किंवा लेख बरोबर ठेवा. मसुद्याच्या वर दोन वाक्यं लिहून आणा: 'मला यात काय म्हणायचं आहे' आणि 'मला कुठे खात्री नाही'. ही दोन वाक्यं लिहितानाच काही जणांचा निम्मा प्रश्न सुटतो.

भेटीत ट्यूटरने एखादी गोष्ट सुचवली आणि ती पटली नाही, तर तसं सांगा. निबंध तुमचा आहे, त्याखाली नाव तुमचं आहे. 'मला हे असंच ठेवायचं आहे' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त का ठेवायचं आहे ते एकदा मोठ्याने सांगून बघा. सांगता आलं, तर ते कारणच बहुधा निबंधात लिहायचं राहिलेलं असतं.

घरी गेल्यावर त्याच दिवशी, निदान अर्धा तास तरी, मसुद्याला हात लावा. बोलणं ताजं असतं तेव्हा जे बदल सहज सुचतात ते चार दिवसांनी नोंदी बघूनही आठवत नाहीत. आणि दुसऱ्यांदा याल तेव्हा जुना मसुदाही बरोबर आणा, म्हणजे काय बदललं ते ट्यूटरला दाखवता येईल आणि तिथूनच पुढे काम सुरू करता येईल.